मॉर्फिन सुरू झालं, आता पोटाकडे बघा

"सिस्टर, आम्ही गोळी बंद केली." दार उघडताच सूनबाईंनी सांगितलं. आतल्या खोलीत आजोबा कुशीवर वळून कण्हत होते. कॅन्सर हाडात पसरलेला. दर चार तासांनी १० मिलिग्रॅम मॉर्फिन सुरू झाल्यावर दुखणं आटोक्यात आलं होतं, आजोबा रात्रीचे झोपू लागले होते. पण सहा दिवस संडास झाली नाही, पोट नगाऱ्यासारखं झालं, तेव्हा घरच्यांनी आपल्या मनाने गोळी थांबवली. एकतर दुखणं सोसायचं नाहीतर पोट, असा त्यांचा समज. डॉक्टरांच्या चिठ्ठीत जुलाबाचं, म्हणजे पोट साफ करणारं, औषध नव्हतंच, आणि त्याबद्दल विचारायचं असतं हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

घरोघरी जाऊन रुग्ण बघायच्या माझ्या कामात हा प्रसंग इतक्या वेळा आलाय की आता मी पायऱ्या चढतानाच पहिला प्रश्न तयार ठेवते: "पोट कधी साफ झालं होतं?" हा लेख अशाच घरांसाठी आहे. औषधांचे डोस नेहमीचे म्हणून दिलेत. तुमच्या माणसासाठी नक्की किती, हे त्याची किडनी, त्याचं वय आणि बाकीची औषधं बघून डॉक्टरांनीच ठरवायचं.

गोळी दुखण्याची, मग पोट का अडतं?

मॉर्फिन ज्या जागी जाऊन चिकटतं त्या जागांना 'म्यू रिसेप्टर' म्हणतात. त्या मेंदूत आणि मज्जारज्जूत असतात, तशाच आतड्याच्या भिंतीतल्या मज्जातंतूंच्या जाळ्यातही असतात. गोळी दोन्हीकडे सारखीच पोचते.

एरवी आतडं लाटेसारखं आकुंचन पावतं आणि मळ पुढे सरकवतं. मॉर्फिनमुळे ही पुढे ढकलणारी लाट मंदावते. आतडं जागच्या जागी आवळतं, पण माल पुढे जात नाही. आतड्यात पाझरणारं पाणी कमी होतं. मळ जास्त वेळ रेंगाळल्याने उरलंसुरलं पाणीही शोषलं जातं आणि त्याचे खडे होतात. त्यात गुदद्वाराचा आतला स्नायू घट्ट राहतो आणि 'लागली आहे' ही जाणीवही बोथट होते. म्हणजे पाणी, ढकलणं, दार आणि जाणीव, सगळीकडेच अडचण. 'जरा फळं खा' एवढ्यावर हे सुटत नाही ते म्हणूनच.

यात नवं काहीच नाही. वैद्यकात अतिसारावर अहिफेन, म्हणजे जिच्यातून मॉर्फिन काढतात ती अफू, वापरली जायची ती याच गुणासाठी. आज जुलाब थांबवायला आपण दुकानातून लोपेरामाइडची गोळी आणतो, तीही याच कुळातली. नेहमीच्या डोसमध्ये ती मेंदूपर्यंत पोचत नाही, आतड्यापुरतीच काम करते. जुलाबाच्या रुग्णाला जे औषध म्हणून देतो, तेच कॅन्सरच्या रुग्णाला नको असताना मिळत असतं.

याच कुळात ट्रामाडॉल, टॅपेन्टाडॉल, कोडीन (खोकल्याच्या काही औषधांत असतं ते), मेथाडोन, फेंटानिलची पट्टी आणि ब्युप्रेनॉर्फिनची पट्टी येतात. कमीजास्त प्रमाणात सगळ्यांनी पोट अडतं. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर ट्रामाडॉल घेणाऱ्या आजी 'वयामुळे पोट साफ होत नाही' म्हणतात, तेव्हा मी आधी त्यांची गोळ्यांची पिशवी उपडी करते.

एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. मॉर्फिनची गुंगी आणि मळमळ बहुतेकांना काही दिवसांत, फार तर आठवड्या-दोन आठवड्यांत सवयीची होऊन ओसरते. बद्धकोष्ठ मात्र सवयीचं होत नाही. जोवर गोळी चालू, तोवर ते आहेच. 'होईल आपोआप' म्हणून वाट बघण्यात काही अर्थ नाही.

पहिल्याच दिवशी

मॉर्फिनची चिठ्ठी हातात पडली की तिथेच विचारा: "डॉक्टर, पोटासाठी काय?" जुलाबाचं औषध त्याच दिवसापासून सुरू व्हायला हवं, पोट अडल्यावर नव्हे. आपल्याकडे याला आणखी एक कारण आहे. २०१४ साली अंमली पदार्थांच्या कायद्यात बदल झाला, मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थांमधून मॉर्फिन देण्याची वाट सोपी झाली. तरी ते कोपऱ्यावरच्या दुकानात मिळत नाही, लोकांना त्यासाठी तालुका सोडून जिल्ह्याला, जिल्हा सोडून मुंबई-पुण्याला जावं लागतं. एवढा एसटीचा प्रवास करून गोळ्या आणायच्या आणि पोटाचं औषध राहून गेलं म्हणून चौथ्या दिवशी पुन्हा निघायचं, हे कशाला?

त्याच भेटीत बाकीच्या गोळ्याही दाखवा. लोह, कॅल्शियम, नसांच्या दुखण्यासाठी दिलेलं अमिट्रिप्टिलीन, ही सगळी पोट बांधणारी. उलटीसाठी सर्रास दिलं जाणारं ऑन्डान्सेट्रॉनही त्यातलंच, आणि हे फार जणांना माहीत नसतं. शिवाय कॅन्सरमध्ये रक्तातलं कॅल्शियम वाढलं तरी पोट अडतं, तहान लागते, माणूस भ्रमिष्टासारखा वागतो. ते रक्त तपासूनच कळतं.

आणि गोळी सुरू होण्याआधीची सवय डॉक्टरांना सांगा. कुणी रोज दोनदा जाणारा, कुणी एक दिवसाआड. तुलना त्याच्या स्वतःच्या सवयीशी करायची.

कॅलेंडरवर खूण करा

वहीबिही लोक दोन दिवस लिहितात आणि सोडून देतात. दुधाचा हिशोब जिथे लिहिता, त्याच भिंतीवरच्या कॅलेंडरवर तारखेच्या चौकोनात खूण करा. झाली की नाही, कशी होती, कुंथावं लागलं का, एवढंच.

'कशी' यासाठी १ ते ७ असा एक सोपा मापदंड जगभर वापरतात, ब्रिस्टल तक्ता म्हणतात त्याला. १ म्हणजे शेळीच्या लेंड्यांसारखे सुटे खडे, २ म्हणजे गाठीगाठींचा जाड तुकडा, ३ आणि ४ म्हणजे केळ्यासारखी सलग, ५ मऊ तुकडे, ६ पिठल्यासारखी, ७ नुसतं पाणी. आपल्याला ३-४ हवी, आणि आठवड्यातून किमान तीनदा, कुंथल्याशिवाय. फोनवर "ताई, दोन नंबरची झाली, चार दिवसांनी" एवढं ऐकलं तरी मला पुढचं सांगता येतं.

लाजेचं काय करायचं, हा खरा प्रश्न. मुलगा आईला विचारत नाही, सासरे सुनेला सांगत नाहीत. आजी "झाली गं बाई" म्हणून विषय संपवतात आणि ती झालेली असते चार खड्यांची. घरातल्या ज्या माणसाशी रुग्ण मोकळं बोलतो, मग ते नातवंड का असेना, त्याच्याकडे हे काम द्या. जेवणाचं विचारावं तसं सहज, रोज ठरलेल्या वेळी विचारायचं.

औषधं: एक ढकलणारं, एक पाणी ओढणारं

पाणीही कमी आणि ढकलणंही कमी, त्यामुळे बहुतेकांना दोन्ही प्रकारची औषधं लागतात.

ढकलणाऱ्यांमध्ये बिसाकोडिलची ५ मिलिग्रॅमची गोळी सगळीकडे मिळते. सुरुवातीला रात्री झोपताना एक किंवा दोन. परिणाम ६ ते १२ तासांनी, म्हणजे सकाळी. गोळी अख्खी गिळायची, कुटून द्यायची नाही. तिच्या मागेपुढे तासभर दूध किंवा अॅसिडिटीचं औषध नको. तिच्यावरचं आवरण आतड्यात जाऊन विरघळावं असं बनवलेलं असतं, दुधाने ते जठरातच सुटतं आणि पोटात मुरडा येतो. रात्री हळदीच्या दुधाबरोबर गोळी घेणाऱ्या किती जणांची तक्रार मी नुसती वेळ बदलून मिटवली आहे! गिळता येत नसेल तर सोडियम पिकोसल्फेटचं पातळ औषध मिळतं. सेन्ना म्हणजे आपली सोनामुखी, तीही याच गटातली.

पाणी ओढणाऱ्यांमध्ये लॅक्टुलोजचं सिरप, १५ ते ३० मिलिलिटर, दिवसातून एकदा किंवा दोनदा. फार गोड असतं, पहिले काही दिवस पोटात वायू धरतो, आणि परिणामाला दोन दिवसही लागतात. त्यामुळे 'आज दिलं, उद्या झाली नाही' म्हणून बाटली बाजूला ठेवू नका. दुसरा पर्याय पॉलिइथिलीन ग्लायकॉलची पावडर, १७ ग्रॅम, मोठ्या पेलाभर पाण्यात विरघळवून. चव जवळजवळ नाहीच, वायूही कमी. ती देणं परवडत असेल आणि रुग्ण तेवढं पाणी पिऊ शकत असेल तर माझी पसंती तिला.

दोन-तीन दिवसांत खूण पडली नाही तर डॉक्टरांना विचारून डोस वाढवायचा. मॉर्फिन वाढलं तर पोटाच्या औषधाचाही फेरविचार त्याच दिवशी. आणि पोट छान साफ होऊ लागलं म्हणून औषध बंद करायचं नाही! ते औषध चालू आहे म्हणूनच साफ होतंय. फार पातळ झाली तर डोस कमी करायचा, एकदम थांबवायचा नाही. 'सवय लागेल' ही भीती इथे बाजूला ठेवा.

मॅग्नेशियाचं पांढरं औषध किडनी अधू असलेल्यांना देऊ नका. लिक्विड पॅराफिनचं तेलकट औषध अंथरुणावर पडल्या पडल्या पिणाऱ्याला किंवा गिळताना ठसका लागणाऱ्याला नको, ते फुफ्फुसात उतरण्याचा धोका असतो.

इसबगोलाबद्दल

मी सांगते आणि लोकांना पटत नाही, म्हणून वेगळं लिहिते. इसबगोल चांगलं आहे, पण या रुग्णासाठी नाही. ते पाणी पिऊन फुगतं, आतड्याला ताण देतं आणि आतडं त्याला पुढे ढकलतं. इथे आतडं ढकलायलाच तयार नाही आणि रुग्ण दिवसाला जेमतेम चार-पाच पेले पाणी पितो. अशा वेळी फुगलेला लगदा आत अडकून बसू शकतो. कोंड्याची भाकरी, कच्च्या भाज्यांचा मारा यांचंही तेच. हिंडताफिरता, भरपूर पाणी पिणारा माणूस असेल तर गोष्ट वेगळी.

पोट साफ करणाऱ्या चूर्णांचं दुसरंच. त्यातल्या बऱ्याच चूर्णांत सोनामुखी असते. म्हणजे रात्री बिसाकोडिल आणि वर चमचाभर चूर्ण दिलं की ढकलणारं औषध दुप्पट होतं आणि पहाटे मुरडा. डब्यावरचे घटक वाचा आणि डॉक्टरांना सांगा. एरंडेल तर अशक्त माणसाला देऊच नका.

खाणं, पाणी, बसणं

खाण्याने बद्धकोष्ठ जाणार नाही, पण औषधाला हातभार लागेल. भिजवलेल्या मनुका, पपई, अंजीर, ताक, पातळ आंबील, पालेभाजीचं वरण, जे जातंय ते. घोट घोट पाणी जवळ ठेवा. हृदयाच्या किंवा किडनीच्या रुग्णाला पाण्याची मर्यादा सांगितली असेल तर ती पाळा.

वेळ सकाळच्या चहा-नाश्त्यानंतरची. खाल्ल्यावर मोठं आतडं आपसूक थोडं जागं होतं, त्याचा फायदा घ्यायचा. लागो वा न लागो, दहा मिनिटं नेऊन बसवायचं. दुखतंय म्हणून उठवत नसेल तर मॉर्फिनचा डोस झाल्यावर अर्ध्या-पाऊण तासाने न्या.

उकिडवं बसणं सगळ्यात उत्तम, पण गुडघे आणि अंगातली ताकद तेवढी नसते. कमोडवर बसवलं तर पायाखाली पाट किंवा छोटं स्टूल ठेवा, गुडघे कमरेच्या वर येतील असं. उठता येत नाही अशासाठी भाड्याने मिळणारी कमोड खुर्ची आणा. बेडपॅनवर आडवं पडून संडास करणं धडधाकट माणसालाही जमत नाही. आणि दार लोटून घ्या. चार माणसं भोवती उभी असताना कुणाला होईल?

तीन दिवस झाले, खूण नाही

इथून पुढे वरून औषधं वाढवण्याआधी खाली काय आहे ते बघावं लागतं. नर्स किंवा डॉक्टर हातमोजा घालून, बोटाला जेली लावून तपासतात. कडक मळ गच्च भरला असेल तर वरून कितीही जुलाब दिलं तरी नुसता मुरडा येईल.

मऊ मळ असेल तर बिसाकोडिलची १० मिलिग्रॅमची सपोझिटरी, म्हणजे गुदद्वारातून ठेवायची मेणासारखी गोळी. मळ कडक असेल तर आधी ग्लिसरीनची. रुग्णाला डाव्या कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन झोपवायचं. हातमोजा घालून, टोकाला जेली लावून गोळी बोटाच्या पेराएवढी आत, आतड्याच्या भिंतीला टेकेल अशी सरकवायची. बिसाकोडिलची गोळी मळाच्या गोळ्यात खुपसली तर ती काम करत नाही, आणि बहुतेक वेळा घरच्यांची चूक होते ती इथेच. मग पंधरा मिनिटं ते तासभर वाट बघायची, कमोड खुर्ची तयार ठेवून.

त्याने नाही झालं तर एनिमा, पण तो नर्सच्या हातून. दुकानात मिळणारा फॉस्फेटचा तयार एनिमा वृद्धांना आणि किडनीच्या रुग्णांना धोक्याचा ठरू शकतो, विचारल्याशिवाय देऊ नका. साबणाच्या पाण्याचा जुना घरगुती एनिमा तर विसराच, आतली त्वचा सोलवटते. खडे हाताने काढायची वेळ आली तर ते दुखण्याचं औषध देऊन, सावकाश, शिकलेल्या माणसाने करायचं.

केमोथेरपी चालू आहे, रक्तातल्या पांढऱ्या पेशी किंवा प्लेटलेट कमी आहेत, अशा माणसाच्या गुदद्वारात डॉक्टरांना विचारल्याशिवाय काहीही घालू नका. बोट नाही, गोळी नाही, एनिमा नाही. रक्तस्राव किंवा जंतुसंसर्ग व्हायला एवढंसं खरचटलेलंही पुरतं.

फसवे जुलाब

पाच दिवस काही नाही, आणि अचानक दिवसातून सहा वेळा थोडं थोडं पाणी, कपडे खराब. घरचे म्हणतात, "औषध जास्त झालं," आणि जुलाब थांबवायची गोळी देतात. खरं तर खाली खड्यांचा बांध बसलेला असतो आणि त्याच्या कडेने वरचं पातळ पाझरतं. यावर लोपेरामाइड देणं म्हणजे बांधाला आणखी सिमेंट लावणं. कॅलेंडरवरच्या खुणा इथे उपयोगी पडतात: जुलाबाच्या आधी चार-पाच चौकोन कोरे दिसले तर आधी तपासणी. वयस्कर माणसांत असा बांध बसला की लघवी तुंबते, ते बरळू लागतात, आणि घरच्यांना वाटतं मॉर्फिन डोक्यात गेलं.

लगेच दवाखाना गाठायचा तेव्हा

पोट फुगलंय आणि उलट्या होताहेत. वायूही सरत नाही. पोटात कळा येऊन जाताहेत किंवा पोट लाकडासारखं ताठ झालंय. संडासमध्ये रक्त किंवा डांबरासारखा काळा मळ. ताप. यातलं काहीही असेल तर जुलाबाचं औषध देऊ नका. आतड्याला अडथळा आला असेल तर ढकलणाऱ्या औषधाने आतडं फुटूही शकतं. पोटाचा कॅन्सर, अंडाशयाचा कॅन्सर, आधी झालेली पोटाची ऑपरेशनं, अशांच्या बाबतीत हे आणखी लवकर ओळखा.

नेहमीची औषधं हरली तर

फेंटानिलच्या पट्टीने मॉर्फिनपेक्षा पोट थोडं कमी अडतं. वेदना स्थिर असतील तर डॉक्टर औषध बदलायचा विचार करतात. आतड्यात पाणी सोडायला लावणारं ल्युबिप्रोस्टोन, आतड्याला गती देणारं प्रुकॅलोप्राइड, हेही पर्याय असतात.

याच दुखण्यासाठी बनवलेला नवा गट वेगळ्या युक्तीने चालतो. मॉर्फिनला आतड्यातल्या जागांवरून हटवायचं, पण मेंदूत शिरायचं नाही, म्हणजे वेदना पुन्हा डोकं वर काढत नाही. मिथाइलनाल्ट्रेक्सोनला अमेरिकेत २००८ साली मंजुरी मिळाली, नालॉक्सेगॉलला २०१४ मध्ये आणि नाल्डेमेडीनला २०१७ मध्ये. साधी औषधं पूर्ण डोसमध्ये देऊन झाल्यावरच यांची पाळी येते, आणि अडथळ्याची शंका असेल तर मुळीच नाही.

मळमळीबद्दल थोडं. पहिल्या आठवड्यात जठर उशिरा रिकामं होतं, दोन घास खाल्ले तरी पोट भरतं. मेटोक्लोप्रमाइडसारखं औषध काही दिवस देतात, थोडं थोडं खायला देतात, आणि ते ओसरतं. पंधरा दिवसांनी मळमळ नव्याने सुरू झाली तर मात्र आधी पोट बघा, बहुधा तेच तुंबलेलं असतं. क्वचित असंही होतं की मॉर्फिन वाढवावं तसं पोटातलंच दुखणं वाढतं. त्याचा उपाय आणखी मॉर्फिन नव्हे, डॉक्टरांच्या देखरेखीखाली ते हळूहळू उतरवणं हा असतो.

आणि ते आजोबा

अनेक दिवस चालू असलेलं मॉर्फिन एकदम थांबवलं की दुखणं उसळतंच, शिवाय घाम, अस्वस्थपणा, पोटात पेटके, कधी जुलाब. आजोबांना घाम आणि अस्वस्थपणा दोन्ही होतं. डॉक्टरांना फोन लावला, गोळी कशी पुन्हा सुरू करायची ते त्यांनी सांगितलं. तपासलं तर खाली खडे होते. ग्लिसरीनच्या गोळ्या ठेवल्या. संध्याकाळी पहिल्यांदा थोडे खडे पडले, दुसऱ्या दिवशी सकाळी बरंच झालं. रात्रीच्या दोन बिसाकोडिल आणि सकाळची पावडर त्या दिवसापासून चालू झाली.

पुढच्या आठवड्यात गेले तेव्हा सूनबाईंनी कॅलेंडर दाखवलं. दुधाचे आकडे निळ्या पेनने, आजोबांचे लाल पेनने: ४, कोरा, ३, ४, कोरा, ४. आजोबा खुर्चीत बसून ताक पीत होते. म्हणाले, "सिस्टर, त्या पोरीला सांगा, पाहुण्यांसमोर तरी आकडे वाचू नको म्हणावं."